नॅनोकणाला किरणोत्सारी खूण लावताना

गॅमा कॅमेऱ्याला नॅनोकण दिसत नाही. त्याला दिसतो तो कणाला जोडलेला किरणोत्सारी अणू, आणि तो अणू कणापासून सुटून एकटाच भटकू लागला तरी पडद्यावरचे चित्र तितकेच सुबक उमटते. कर्करोगाच्या निदानासाठी वा उपचारासाठी किरणोत्सारी नॅनोवाहक तयार करू पाहणाऱ्याने ही गोष्ट पहिल्याच दिवशी वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवावी. पुढची प्रत्येक पायरी, मग ती समस्थानिकाच्या निवडीची असो, अणूला धरून ठेवणाऱ्या किलेटरची असो की उंदराचे यकृत तराजूत ठेवण्याची असो, अणू आणि कण शेवटपर्यंत एकत्र राहिले का, याच प्रश्नाचे उत्तर शोधत असते.

हा लेख रसायनशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र किंवा न्यूक्लिअर मेडिसिन या विषयांत संशोधनाला सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. बहुतेक ठिकाणी उदाहरण म्हणून १०० नॅनोमीटर व्यासाचा लायपोसोम, म्हणजे मेदरेणूंच्या भिंतीची पोकळ पिशवी, आणि टेक्नेशिअम-९९एम हा किरणोत्सारी समस्थानिक ही जोडी घेतली आहे, कारण ती स्वस्त पडते, सहज मिळते आणि नवख्याच्या चुका बऱ्यापैकी पचवते. उपचारात्मक समस्थानिकांचा विचार शेवटी केला आहे, आणि प्रत्यक्ष कामातही तो शेवटीच करावा.

पायरी पहिली: प्रश्न नेमका ठरवा

"आमच्या कणाचे इमेजिंग करायचे आहे" हा प्रश्न नव्हे. कण शिरेतून दिल्यावर गाठीत किती पोचतो हे पाहायचे आहे, की गाठीतून निघणारी लसिका (लिम्फ) पहिल्यांदा कोणत्या ग्रंथीत जाते हे शोधायचे आहे, की कणावर स्वार करून बीटा किरणे गाठीपर्यंत न्यायची आहेत, हे आधी ठरले पाहिजे. या तिन्हींसाठी कणाचा आकार, त्याचा पृष्ठभाग आणि समस्थानिक वेगवेगळे लागतात.

यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रुग्णालयांत रोजच्या रोज दिले जाते, आणि नॅनोकणांवर भाषणे देणारे अनेकजण नेमके त्यालाच विसरतात. स्तनाच्या कर्करोगात काखेतील सेंटिनल, म्हणजे पहारेकरी, लसिकाग्रंथी शोधण्यासाठी टेक्नेशिअमने खूण केलेले अल्ब्युमिनचे नॅनोकोलॉइड किंवा ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळलेले सल्फर कोलॉइड स्तनात टोचतात आणि शस्त्रक्रियेच्या वेळी गॅमा प्रोबने ती ग्रंथी हुडकतात. ती ग्रंथी निरोगी निघाली तर काखेतील बाकीच्या ग्रंथी काढाव्या लागत नाहीत आणि पुढे हात सुजण्याचा त्रास बराच टळतो. येथे कण कर्करोगाला ओळखत नाही. तो लसिकेबरोबर वाहत जातो आणि ग्रंथीतील भक्षक पेशी त्याला पकडतात. कण फार मोठा असेल तर टोचलेल्या जागीच बसून राहतो आणि फार लहान असेल तर पहिल्या ग्रंथीत न थांबता पुढच्या ग्रंथींत निसटतो. केवळ आकार साधल्याने यशस्वी झालेले हे साधन आहे.

शिरेतून दिलेल्या कणाची गोष्ट इतकी सरळ नाही. १९८६ मध्ये जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवून दिले, की गाठीतील रक्तवाहिन्या सच्छिद्र असतात आणि तेथील लसिकेचा निचरा अपुरा असतो, त्यामुळे मोठे रेणू गाठीत झिरपतात आणि रेंगाळतात. या निरीक्षणावर पुढची तीस वर्षे असंख्य प्रबंध उभे राहिले. मग २०१६ मध्ये, आधीच्या दहा वर्षांतील प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासणारा एक आढावा प्रसिद्ध झाला, आणि त्यात दिलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचणाऱ्या भागाचा मध्यक केवळ ०.७ टक्के निघाला. तुमच्या कणाची मोजणी याहून फार वेगळी आली, तर आनंदाआधी संशय यावा.

माणसांतील आकडे आणखी बोलके आहेत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात इंडिअम-१११ भरलेले पेग-वेष्टित (पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पॉलिमरचे आवरण असलेले) लायपोसोम सतरा रुग्णांना दिले. त्यांपैकी पंधरा जणांच्या गाठी चित्रात दिसल्या, पण डोके-मानेच्या कर्करोगात त्यांचे ग्रहण स्तनाच्या कर्करोगाहून कितीतरी अधिक होते. २०१७ मध्ये कॉपर-६४ भरलेल्या, काही कर्करोगपेशींवर आढळणाऱ्या हर-२ ग्राहीला चिकटणाऱ्या एमएम-३०२ या लायपोसोमचा पेट (पॉझिट्रॉनवर आधारलेले इमेजिंग) अभ्यास एकोणीस रुग्णांवर झाला आणि त्यातही रुग्णागणिक, इतकेच नव्हे तर एकाच रुग्णातील गाठीगणिक, मोठी तफावत आढळली. माझ्या मते किरणोत्सारी खुणेचा खरा उपयोग येथे आहे. कोणत्या रुग्णाच्या गाठीत हा वाहक पोचतो आणि कोणाच्या नाही, हे उपचाराआधी कळले, तर ज्याला फायदा होणार नाही त्याला महागडे औषध आणि त्याचे दुष्परिणाम या दोन्हींपासून वाचवता येईल.

पायरी दुसरी: परवानग्या

याविषयी थोडक्यात, पण हे टाळता येत नाही. भारतात खुल्या किरणोत्सारी द्रव्यावर काम करायचे तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, मान्यताप्राप्त जागा आणि किरण सुरक्षा अधिकारी लागतो. प्राण्यांसाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची संमती लागते. कर्मचाऱ्याच्या मात्रेची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट आहे. छातीवरच्या बॅजइतकेच बोटातल्या अंगठीसारख्या मोजणीयंत्राला महत्त्व द्या, कारण या कामात सर्वांत जास्त मात्रा बोटांनाच बसते. प्रत्येक नवी कृती आधी किरणोत्साराविना, ज्याला आम्ही कोल्ड रन म्हणतो तशी, घड्याळ लावून तीनदा करून पाहा.

पायरी तिसरी: समस्थानिक निवडा

नियम एकच आहे: कण शरीरात जितका वेळ फिरतो, त्याच्याशी अणूचे अर्धायुष्य जुळले पाहिजे. पेग-वेष्टित लायपोसोम माणसाच्या रक्तात दोन-दोन दिवस फिरतो आणि गाठीतले त्याचे प्रमाण एक-दोन दिवसांनी कळसाला पोचते. त्याला ६८ मिनिटे अर्धायुष्याचे गॅलिअम-६८ लावणे म्हणजे लग्नाला निघताना गल्लीच्या टोकापर्यंतची रिक्षा ठरवण्यासारखे आहे. याउलट साडेपाच नॅनोमीटरहून लहान व्यासाचे कण मूत्रपिंडातून भराभर बाहेर पडतात. त्यांच्यासाठी अल्पायुषी समस्थानिकही चालतो.

टेक्नेशिअम-९९एमचे अर्धायुष्य ६ तास आणि गॅमा ऊर्जा १४० किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. चोवीस तासांनी त्याचा सोळावा हिस्सा उरतो, म्हणजे उंदरातील पहिल्या दिवसाच्या अभ्यासाला तो कसाबसा पुरतो. इंडिअम-१११ (२.८ दिवस) स्पेक्टसाठी, म्हणजे गॅमा किरणांवरून त्रिमितीय चित्र घेण्यासाठी, याहून योग्य आहे. पेटसाठी कॉपर-६४ (१२.७ तास) आणि झिर्कोनिअम-८९ (७८.४ तास) ही दोन नावे सतत समोर येतात, आणि संथ गतीच्या लायपोसोमसाठी झिर्कोनिअम सर्वांत सोयीचे ठरते. पण या दोन्हींसाठी सायक्लोट्रॉन जवळ हवा. टेक्नेशिअम मात्र जनरेटरमधून रोज सकाळी आपल्याच टेबलावर मिळते. आपल्याकडे असे जनरेटर वाशीच्या ब्रिट (बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी) या संस्थेकडून येतात. ल्युटेशिअम-१७७ ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते. मुंबई-पुण्याच्या संशोधकाला ही सोय आहे आणि प्रयोगाची आखणी तिच्यावर बेतण्यात कमीपणा नाही.

पायरी चौथी: खूण कणाच्या कोणत्या भागावर?

तीन जागा आहेत. पहिली पृष्ठभागाची: कणाला किलेटर, म्हणजे धातूच्या अणूला खेकड्यासारखा आवळून धरणारा रेणू, जोडायचा आणि त्यात समस्थानिक बसवायचा. झिर्कोनिअमसाठी डीएफओ, तांब्यासाठी नोटा, ल्युटेशिअमसाठी डोटा असे जोड ठरलेले आहेत. दुसरी कणाच्या गाभ्याची: सोन्याच्या नॅनोकणात सोने-१९८ हाच किरणोत्सारी अणू असतो, त्यामुळे कण अख्खा आहे तोवर खूण सुटण्याचा प्रश्नच येत नाही. तिसरी जागा लायपोसोमच्या पोटातली, आणि ती मला सर्वांत आवडते.

तिची युक्ती अशी. लायपोसोम बनवतानाच त्याच्या आत ग्लुटाथायोन हे क्षपण करणारे संयुग कोंडून ठेवायचे आणि बाहेरचे ग्लुटाथायोन स्तंभातून गाळून काढून टाकायचे. मग टेक्नेशिअमचे एचएमपीएओ हे मेदविद्राव्य संयुग त्यात मिसळायचे. हे संयुग मेदाच्या भिंतीतून सहज आत शिरते, आतल्या ग्लुटाथायोनमुळे त्याचे जलविद्राव्य रूप होते आणि त्याला परत भिंत ओलांडता येत नाही. उंदीर पिंजऱ्यात शिरतो, आतले दाणे खाऊन फुगतो आणि ज्या फटीतून आला तिच्यातून बाहेर पडू शकत नाही, तसा हा प्रकार आहे. पृष्ठभागाला हात लागत नाही, त्यामुळे कणाचा स्वभाव बदलत नाही. पृष्ठभागावर किलेटर जोडणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे, की किलेटरवर विद्युतभार असतो आणि तो कणाच्या पेग-वेष्टनातून बाहेर डोकावू लागला, तर आपण मूळ कणाचा नव्हे तर एका नव्याच कणाचा अभ्यास करत असतो.

पायरी पाचवी: प्रत्यक्ष लेबलिंग

जनरेटरला प्रयोगशाळेत गाय म्हणतात आणि त्यातून द्रव काढण्याला दुहणे. मॉलिब्डेनम-९९ अॅल्युमिनाच्या स्तंभात धरलेले असते, आणि त्यातून मिठाचे पाणी ओढले की परटेक्नेटेट, म्हणजे टेक्नेशिअमचे ऑक्सिजनशी जोडलेले विद्राव्य रूप, तेवढे उतरते. शनिवार-रविवार न दुहिलेल्या जनरेटरची सोमवारची पहिली धार नॅनोकणांसाठी वापरू नका. साठलेल्या काळात टेक्नेशिअम-९९एमचे रूपांतर दोन लाखांहून अधिक वर्षे अर्धायुष्य असलेल्या टेक्नेशिअम-९९ मध्ये होत राहते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे दोन्ही एकच. त्यामुळे कॅमेऱ्याला न दिसणारे हे भावंड तुमच्या किटमधील, म्हणजे तयार रसायनांच्या कुपीतील, टेक्नेशिअमच्या क्षपणासाठी ठेवलेले थोडेसे कथील फस्त करते. सोमवारी एकदा दुहून तो द्रव बाजूला ठेवा आणि दोन-तीन तासांनी पुन्हा दुहा. दर वेळी मॉलिब्डेनम उतरले नाही ना हे तपासा. दर मिलिक्युरी (क्युरी हे किरणोत्साराचे एकक) टेक्नेशिअममागे त्याची मर्यादा ०.१५ मायक्रोक्युरी आहे.

परटेक्नेटेट स्वतः कशाशीही सहजी जोडले जात नाही. स्टॅनस क्लोराइडने, म्हणजे द्विसंयुजी कथिलाने, त्याचे क्षपण करावे लागते. हे कथील हवेतील ऑक्सिजनने लगेच निकामी होते, म्हणून द्रावणातून नायट्रोजन सोडा आणि कुपीत हवेचा बुडबुडा शिरू देऊ नका. एचएमपीएओच्या तयार किटमध्ये दोन तासांच्या आत दुहिलेला द्रव घाला आणि बनलेले संयुग तीस मिनिटांच्या आत लायपोसोममध्ये मिसळा, कारण ते आपोआपच कमी मेदविद्राव्य रूपात बदलत जाते आणि मग भिंत ओलांडत नाही. मिश्रण खोलीच्या तापमानाला अर्धा ते एक तास, मधूनमधून हलक्या हाताने फिरवत, ठेवावे.

किलेटरची पद्धत वापरणाऱ्यांना दोन अडथळे हमखास लागतात. पहिला लोह, जस्त आणि तांबे यांच्या अंशमात्र अशुद्धीचा: समस्थानिकाचे अणू इतके थोडे असतात, की साध्या पाण्यातील किंवा स्टीलच्या चमच्यावरून आलेले लोह किलेटरच्या सगळ्या खुर्च्या आधीच अडवून बसते. म्हणून धातूमुक्त पाणी आणि प्लॅस्टिकची अवजारे वापरावीत. दुसरा अडथळा उष्णतेचा: डोटामध्ये ल्युटेशिअम नीट बसायला ९० ते ९५ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि त्या तापमानाला लायपोसोमची भिंत पाझरते, प्रथिनांचा कणही टिकत नाही. अशा वेळी आधी किलेटर असलेल्या मेदरेणूत ल्युटेशिअम तापवून बसवावे आणि नंतर तो रेणू सौम्य तापमानाला लायपोसोममध्ये खोवावा.

पायरी सहावी: शुद्धता तपासा, आणि आपल्या तपासणीवर शंका घ्या

सगळ्यांची पहिली चाचणी म्हणजे सिलिका जेलची पट्टी. पट्टीच्या तळाशी थेंब ठेवून ती अॅसिटोनमध्ये उभी करतात; मोकळे परटेक्नेटेट अॅसिटोनबरोबर वर चढते, कण तळाशीच राहतो. पट्टी कापून दोन्ही तुकडे मोजायचे. समजा, तळाचा तुकडा मिनिटाला ४८,६०० आणि वरचा १,३५० मोजणी देतो व पार्श्वभूमी १५० आहे. पार्श्वभूमी वजा केल्यावर ४८,४५० आणि १,२०० उरतात, आणि लेबलिंग ९७.६ टक्के निघते. विद्यार्थी हा आकडा घेऊन आनंदाने मार्गदर्शकाकडे जातो.

याच आकड्याने एकदा माझी फसगत झाली आहे. पट्टीवर ९८ टक्के आले, उंदराला टोचले, यकृत आणि प्लीहा झळाळून उठल्या आणि आम्ही "कण भक्षक पेशींनी उचलले" असे लिहूनही टाकले. प्रत्यक्षात क्षपण झालेल्या टेक्नेशिअमचा बराचसा भाग कणाला चिकटलाच नव्हता. कथिलाबरोबर त्याचेच कोलॉइड बनले होते. ते कोलॉइडही पट्टीच्या तळाशीच बसते आणि शरीरात गेल्यावर तेही यकृत-प्लीहेतच जाते. म्हणजे चुकीच्या उत्तराला दोन साक्षीदार मिळाले होते. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी एक रिकामी कुपी लावतो: तेच कथील, तोच पीएच, तेच टेक्नेशिअम, फक्त कण नाहीत. त्या कुपीतूनही पट्टीच्या तळाशी मोठी मोजणी आली, तर आपले ९८ टक्के निरर्थक आहेत. ल्युटेशिअमच्या बाबतीत हाच धोका पीएच सातच्या वर बनणाऱ्या हायड्रॉक्साइडचा असतो. तेथे पट्टी ईडीटीए या किलेटरच्या द्रावणात चालवतात, मोकळे ल्युटेशिअम ईडीटीएबरोबर वर जाते, पण हायड्रॉक्साइडचे कोलॉइड मात्र तळाशीच राहते.

पट्टीच्या जोडीला आकारानुसार वेगळे करणारा जेल स्तंभ हवाच. स्तंभातून निघणाऱ्या प्रत्येक अर्ध्या मिलिलिटरच्या भागात किरणोत्सारही मोजा आणि मेदाचे प्रमाणही मोजा. दोन्ही आलेखांचे शिखर एकाच भागात आले, तरच अणू कणाबरोबर चालला आहे असे म्हणता येते.

आता एक हिशेब, जो क्वचितच कोणी करतो. एक मिलिक्युरी टेक्नेशिअम-९९एममध्ये सुमारे १.१५ लाख कोटी अणू असतात. १०० नॅनोमीटरच्या एका लायपोसोमला साधारण ८०,००० मेदरेणू लागतात असे धरले, तर एक मिलिग्रॅम मेदापासून सुमारे दहा लाख कोटी लायपोसोम बनतात. म्हणजे एक मिलिग्रॅमवर एक मिलिक्युरी चढवली, तरी दर नऊ-दहा कणांमागे एकावरच खूण असते. कॅमेऱ्यात दिसतो तो हा एक. बाकीचे नऊ अदृश्य फिरत असतात आणि ते याच्यासारखेच वागतात हे आपण गृहीत धरतो. सगळे कण एकसारखे असतील तर हे गृहीतक ठीक आहे. काही कण मोठे, काही लहान असतील, तर मोठ्यांच्या पोटात जास्त टेक्नेशिअम शिरते आणि चित्र मोठ्यांचेच निघते. म्हणून लेबलिंगआधी आणि नंतर आकार मोजणे ही औपचारिकता नव्हे. प्रकाशाच्या विकिरणावर आधारलेल्या डीएलएस यंत्रात कणाचा संकेत व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, त्यामुळे मूठभर गुठळ्याही सरासरी बिघडवतात; केवळ सरासरी न पाहता पूर्ण वितरण पाहावे. किरणोत्सारी नमुना यंत्रात घालायचा नसेल, तर टेक्नेशिअमऐवजी साधे रेनिअम आणि ल्युटेशिअम-१७७ ऐवजी साधे ल्युटेशिअम वापरून तीच कृती करावी.

पायरी सातवी: रक्तरसात टिकते का?

मिठाच्या पाण्यात टिकलेली खूण रक्तात टिकेलच असे नाही. कण रक्तरसात मिसळून ३७ अंश सेल्सिअसला ठेवावा आणि १, ४, २४ व शक्य असल्यास ४८ तासांनी किती अणू अजून कणावर आहेत ते मोजावे. येथे एक सापळा आहे. लहान छिद्रांच्या नेहमीच्या स्तंभातून रक्तातील प्रथिने आणि लायपोसोम दोन्ही एकाच वेळी बाहेर पडतात. अणू कणावरून सुटून प्रथिनाला चिकटला असला तरी तो "कणाबरोबरच आला" असे दिसते. मोठ्या छिद्रांचा अॅगारोज स्तंभ वापरला, तर लायपोसोम आधी आणि प्रथिने नंतर येतात. याखेरीज धातूंच्या खुणेसाठी नमुन्यात डीटीपीए हा किलेटर मोठ्या प्रमाणात मिसळून तो अणू हिरावून घेतो का, हेही पाहावे.

पायरी आठवी: उंदीर

शेपटीच्या शिरेत टोचण्याआधी सिरिंज भरलेली मोजा, टोचल्यावर रिकामी मोजा, आणि शेवटी शेपूट वेगळी मोजा. शेपटीत काही टक्क्यांहून अधिक उरले असेल तर औषध शिरेबाहेर गेले आहे. तो उंदीर सरासरीत धरू नये, मात्र वहीत त्याची नोंद ठेवावी. दिलेल्या द्रावणाचा शंभरपट विरल नमुना प्रमाण म्हणून ठेवा आणि अवयवांबरोबर एकाच बैठकीत मोजा. वेळेनुसार घटणाऱ्या किरणोत्साराची दुरुस्ती मग बव्हंशी आपोआप होते.

प्रत्येक प्रयोगात कणाशिवाय नुसता मोकळा समस्थानिक दिलेला एक गट हवा. सुटलेला अणू कुठे जातो हे ठरलेले आहे: परटेक्नेटेट अवटु ग्रंथीत आणि जठरात, आयोडाइड अवटु ग्रंथीत, झिर्कोनिअम आणि ल्युटेशिअम हाडांत, तांबे यकृतात. झिर्कोनिअमच्या प्रयोगात गुडघ्याचे आणि खांद्याचे सांधे उजळू लागले, की तो हाडात पसरलेला कर्करोग शोधल्याचा आनंद नव्हे, खूण सुटल्याची तक्रार आहे.

निकाल "दर ग्रॅम ऊतीमागे दिलेल्या मात्रेची टक्केवारी" असा मांडतात आणि नवा वाचक येथे हमखास चकतो. उंदीर वीस ग्रॅमचा असेल आणि औषध अंगभर सारखे पसरले असेल, तरी प्रत्येक ग्रॅमला पाच टक्के येणारच. म्हणून "गाठीत पाच टक्के प्रति ग्रॅम" याचा अर्थ अंगाच्या सरासरीइतके, एवढाच होतो. गाठ आणि रक्त, गाठ आणि स्नायू, गाठ आणि यकृत ही गुणोत्तरे दिल्याशिवाय तो आकडा मुका असतो. शिवाय उंदराच्या पाठीवरची अर्ध्या ग्रॅमची गाठ म्हणजे त्याच्या वजनाचा अडीच टक्के भाग; साठ किलोच्या माणसात ती दीड किलोची झाली असती. अशा भराभर वाढलेल्या गाठीत कण चांगले झिरपतात, यात नवल नाही.

पायरी नववी: उपचाराकडे वळताना

आतापर्यंतचे सगळे जमल्यावरच ल्युटेशिअम-१७७ हातात घ्यावे. त्याचे अर्धायुष्य ६.६५ दिवस आहे, बीटा किरणे ऊतीत जास्तीत जास्त दोन मिलिमीटरपर्यंत जातात आणि २०८ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या गॅमा किरणांमुळे उपचार चालू असतानाच चित्रही घेता येते. यिट्रिअम-९०ची पोच अकरा मिलिमीटरपर्यंत असते. नॅनोकण बहुधा रक्तवाहिनीच्या आसपासच अडकतात, गाठीच्या खोल भागात जात नाहीत. तेव्हा बीटा किरणांची ही पोच कणांची उणीव काही अंशी भरून काढते, कारण ज्या पेशीपाशी कण पोचला नाही तिला शेजारच्या कणाचा मारा बसतो.

मात्रा वाढली की रसायन बदलते. काही मिलिक्युरींना शांत असलेले द्रावण शंभर मिलिक्युरींना स्वतःच्याच किरणांनी खराब होऊ लागते, मेदरेणूंचे ऑक्सिडीकरण होते आणि कालचा ९८ टक्के आज ८५ होतो. अॅस्कॉर्बिक किंवा जेंटिसिक आम्ल घालावे, द्रावणातील किरणोत्साराची संहती कमी ठेवावी, आणि शुद्धता बनवल्याबरोबर नव्हे तर टोचण्याच्या वेळेला मोजावी.

मात्रेचा हिशेब गाठीपासून नव्हे, यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा यांच्यापासून सुरू करावा, कारण थांबावे लागते ते त्यांच्यामुळे. ४, २४, ७२ आणि १६८ तासांनी चित्रे घेऊन प्रत्येक अवयवातले परिणामी अर्धायुष्य काढा. कण यकृतातून दहा दिवसांच्या अर्धायुष्याने बाहेर पडत असेल, तर ल्युटेशिअमच्या ६.६५ दिवसांशी मिळून परिणामी अर्धायुष्य चार दिवसांचे होते. पण कण विघटनच पावत नसेल, तर यकृताला पूर्ण ६.६५ दिवसांचा मारा सोसावा लागतो. सुंदर, पण न विरघळणारे कण उपचारात मागे का पडतात, याचे उत्तर बरेचसे या हिशेबात आहे. यावर एक सरळ तोड म्हणजे रक्तप्रवाह टाळणे: मेंदूतील पुन्हा उद्भवलेल्या ग्लायोमा या प्रकारच्या गाठीत रेनिअम-१८६ भरलेले सुमारे १०० नॅनोमीटरचे लायपोसोम बारीक नळीने थेट गाठीत सोडण्याच्या चाचण्या अमेरिकेत झाल्या आहेत, आणि रेनिअमच्या १३७ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या गॅमामुळे औषध कुठवर पसरले ते स्पेक्टवर पाहता येते.

अल्फा किरणांचे आकर्षण आज फार आहे. त्यातली अडचण मात्र समजून घ्यावी. अॅक्टिनिअम-२२५ चार अल्फा कण टाकत क्षय पावते. प्रत्येक वेळी कन्या-अणूला बंदुकीच्या दस्त्यासारखा मागे धक्का बसतो आणि त्या धक्क्याची ऊर्जा सुमारे १०० किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, तर किलेटरचे बंध काही इलेक्ट्रॉन व्होल्टचे. कोणताही किलेटर येथे टिकत नाही. सुटलेले बिस्मथ-२१३ मूत्रपिंडांत जाऊन साठते. अॅक्टिनिअम कणाच्या गाभ्यात ठेवून त्यावर सोन्याचा थर चढवला, तर कन्या-अणूंचा काही भाग आतच अडकतो, आणि नॅनोकणाला रेणूपेक्षा येथे खरोखर वरचढ ठरण्याची संधी आहे.

प्रयोग संपल्यावर कचऱ्याच्या डब्यावर समस्थानिक, तारीख आणि मात्रा लिहा. दहा अर्धायुष्ये थांबण्याचा नेहमीचा नियम टेक्नेशिअमला अडीच दिवसांत आणि ल्युटेशिअम-१७७ ला सुमारे ६७ दिवसांत पुरा होतो. पण अणुभट्टीत थेट मार्गाने बनवलेल्या ल्युटेशिअममध्ये १६० दिवस अर्धायुष्याचे ल्युटेशिअम-१७७एम किंचित मिसळलेले असते, म्हणून अडुसष्टाव्या दिवशी तो डबा मोजणीयंत्रासमोर न धरता बाहेर पाठवू नये.